उजवा दिवा आणि माझी इतर मालमत्ता

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे तेवीस पूर्ण, शिक्षण अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत आणि तिथून पुढे स्वखुशीने नाही, व्यवसाय जुन्या मोटारी दुरुस्त करणे, आज शनिवारी दुपारी, भरल्या पोटी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाला बळी न पडता, उलट घरच्या-दारच्या सगळ्यांचा धाक झुगारून लिहून ठेवतो की माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचे काय करावे. माझी तब्येत उत्तम आहे. रागाचे म्हणाल तर तो आजार नसून स्वभाव आहे असे माझ्या आईचे मत आहे, आणि ते मी ग्राह्य धरतो.

या लेखास कारण असे. उद्या सकाळी जुन्या मोटारींची फेरी निघणार आहे. शहरातून निघून घाट चढायचा, माथ्यावरच्या बोगद्यातून पलीकडे उतरायचे आणि तिथल्या मैदानात गाड्या लावून लोकांना बघू द्यायच्या. माझीही गाडी त्यात आहे. लाल, बसकी, दोन दारांची, वयाने माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये झाकलेले असतात. बटण फिरवले की दोन झडपा उघडतात आणि दिवे झोपेतून उठल्यासारखे वर येतात. म्हणजे यायला हवेत. डावा येतो. उजवा गेले सतरा दिवस येत नाही.

फेरीच्या अर्जात ‘बरेवाईट झाल्यास वारस’ असा रकाना आहे. तो मी रिकामा ठेवला होता. काल जेवताना बाबांच्या हाती तो अर्ज लागला.

“अरे, त्या बोगद्यात वळण आहे,” बाबा म्हणाले. “समोरच्या ट्रकवाल्याला तुझा भिंतीकडचा एकच दिवा दिसणार. त्याला वाटणार मोटरसायकल आहे, कडेने चाललीय. तो ऐसपैस मधून घालणार. आणि मधे कोण असणार? तू.”

“उघडेल दिवा.”

“आणि नाही उघडला तर?”

“तरी जाणार.”

“मग रकाना भर की. पण बरोबर आहे तुझं. वारसाला ठेवायला तुझ्याकडे आहे काय? एक पदवी होती, ती अर्धी. एक गाडी आहे, ती एकडोळी.”

“अहो, घास तरी गिळू द्या त्याला,” आई म्हणाली.

माझे वडील दस्तलेखक आहेत. नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात एकतीस वर्षे त्यांचे टेबल आहे आणि त्या टेबलावर त्यांनी या शहरातल्या निम्म्या लोकांची मृत्युपत्रे लिहिली आहेत. शाळा सुटली की मी त्या टेबलाखाली बसून ‘सदरहू’, ‘उपरोक्त’ आणि ‘यात कसूर होणार नाही’ ऐकत गृहपाठ करायचो. तेव्हा या कागदातली भाषा त्यांची आहे, राग माझा आहे. तुझ्याकडे आहे काय, असे त्यांनी विचारले. काय काय आहे ते खाली कलमवार देत आहे.

कलम एक. स्थावर मालमत्ता. नाही. घर बाबांचे आहे, खोली ताईची होती, ती लग्न होऊन गेल्यावर माझ्याकडे आली, पण कपाट अजून तिच्याच साड्यांनी भरलेले आहे. मी एका खुंटीचा धनी आहे. ती खुंटी ताईला परत.

कलम दोन. माझ्या बचत खात्यात जे काही असेल ते आईला द्यावे. आकडा लिहीत नाही, कारण हा कागद बाबा वाचतील आणि हसतील. याशिवाय माझी निळी गोधडीही आईला, तिचीच शिवलेली आहे. तिला ग्रीसचा वास येतो. तो धुऊनही जात नाही, मी हे आधीच सांगतो, म्हणजे ती सोडा घालून बसणार नाही. आईने मला कॉलेज सोडल्याबद्दल एका शब्दाने कधी टोचले नाही. तिने फक्त विचारले होते, “तिथे दुपारी जेवायला वेळ देतात ना?” या प्रश्नाची परतफेड करण्यासारखी कोणतीही वस्तू माझ्या मालकीची नाही.

कलम तीन. माझ्या वडिलांना मी काहीही देत नाही. हे विस्मरणाने घडलेले नाही. बाबाच पक्षकारांना सांगतात, ज्याला वगळायचे त्याचा उल्लेख करून वगळावे, म्हणजे मागाहून तो भांडू शकत नाही. म्हणून उल्लेख करून वगळतो. ज्या माणसाने भर जेवणात माझी मालमत्ता एका वाक्यात मोजली, त्याला त्यातला छोटा स्क्रूसुद्धा मिळू नये. त्यांचा दुसरा नियम असा, की ज्याला मिळणार त्याने साक्षीची सही करायची नाही, आणि सही करणाऱ्याने काही घ्यायचे नाही. त्यांच्या टेबलावर हा नियम त्यांनी सख्ख्या भावासाठीही मोडला नव्हता. काका अजून बोलत नाहीत. हट्ट माझ्यात कुठून आला असे नातेवाईक विचारतात, त्यांनी हे कलम वाचावे.

कलम चार. माझ्या कॉलेजच्या विद्युत विभागाच्या प्रमुखांना माझी तिसऱ्या वर्षाची पुस्तके, कव्हरांसकट, द्यावीत. त्यांनी भर वर्गात मला उभे करून म्हटले होते, “तू साधा बल्ब लावलास तरी मी मिशी काढीन.” सर, मी गेल्या दोन वर्षांत एकशे चाळीसहून अधिक बल्ब लावले आहेत. वस्तरा मी पाठवू शकत नाही, पण माझी शेवटची इच्छा समजून आपण तो स्वतः आणावा.

लोक म्हणतात मी मुलीपायी कॉलेज सोडले. हे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे गाडीपायी.

कलम पाच. गाडी. ही माझ्या मामाची. मामा चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवायचा, लग्न केले नाही, आणि आयुष्यात एकच चैन केली ती ही गाडी. सुटीत तो मला घ्यायला यायचा आणि गल्लीच्या तोंडाशी थांबून भर दुपारी दिवे उघडायचा, फक्त मला दाखवायला. सगळे घर त्याला हसायचे. तो गेल्यावर एक चिठ्ठी निघाली, ‘गाडी भाच्याला द्या. दिवे उघडले की टाळ्या वाजवणारा घरात तो एकटाच.’ गाडी तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये पडून होती, आणि तिच्या सीटमध्ये मांजरीच्या तीन पिढ्या वाढून गेल्या होत्या. मी तिसऱ्या वर्षात असताना ती दोरीने ओढत या गॅरेजात आणली.

गॅरेजच्या मालकांना सगळे वस्ताद म्हणतात. वस्तादांनी गाडीभोवती एक फेरी मारली, म्हणाले, “इंजिन मी बघतो. पण या डोळ्यांचं आपल्याला काही कळत नाही. करंटला बोलवा.”

करंट म्हणजे इथे वायरिंगचे काम करणारी मुलगी. तिला हे नाव कामावरून पडले की बोलण्यावरून, यावर गॅरेजात दोन मते आहेत. ती डॅशबोर्डखालून पाठीवर सरपटत बाहेर आली, तोंडात पक्कड, केसांत तारेचे तुकडे, आणि तिने मला पहिला प्रश्न विचारला, “गाडी तुझी आहे की तू गाडीचा?” त्या दिवशी दुपारी माझी परीक्षा होती. मी गेलो नाही. पुढच्या आठवड्यातही गेलो नाही. महिन्याभराने वस्तादांनी मला कामावर ठेवून घेतले आणि गॅरेजने माझे नाव फ्यूज ठेवले, कारण मी पटकन उडतो.

तिने सहा महिने खपून या गाडीची सगळी वायरिंग नव्याने केली. रंग लावण्यापूर्वी, गाडी उघड्या पत्र्याची असताना, एके संध्याकाळी तिने बटण फिरवले आणि दोन्ही दिवे एकदम उघडले. एका दमात, जुळ्यांसारखे. मी टाळ्या वाजवल्या. ती हसली. त्या आधी आणि नंतरही मी पुष्कळ हसू पाहिले आहे, पण ते साधारण दर्जाचे होते.

मग रंगासाठी मी वायरिंग स्वतः उतरवली. रंगाचे तीन हात दिले. रंगही मीच निवडला, मीच घासला, मीच मारला. आणि गाडी पुन्हा मीच जोडली, दुसऱ्या कोणाला नव्या रंगाला हात लावू दिला नाही. करंटलासुद्धा नाही. आरशासारखी झाली होती गाडी. बटण फिरवले. डावा दिवा उघडला. उजवा बोटभर उचलला आणि तिथेच थांबला.

इथून पुढे सतरा दिवस घोडे कुठे पेंड खाते आहे ते शोधण्यात गेले. उजवी मोटर काढून डाव्या बाजूला लावली, चालली. डावी चालणारी मोटर उजवीकडे लावली, मेली. म्हणजे मोटर चांगली. मोटरला वीज सोडणारा रिले बदलला. रिले टकटक वाजतो, पण दिवा ढिम्म. सांध्यातले प्लास्टिकचे तुकडे झिजले असतील म्हणून नवे कातून घेतले. मोटरच्या डोक्यावर रबरी टोपीखाली एक गोल मूठ असते, ती हाताने फिरवली तर दिवा वर येतो. वर आला, पण आत उजेड निखाऱ्यासारखा, तांबूस, मिणमिणता. रोज टेस्ट लॅम्प लावून बघत होतो. मोटरच्या प्लगपर्यंत सप्लाय पोचतो, लॅम्प लख्ख पेटतो. मोटर चांगली, सप्लाय चांगला, मग उरले काय? उरली ती वायरिंग. उरले ते तिने घातलेले जोड.

गेल्या सोमवारी अकराच्या सुमाराला, सगळ्या गॅरेजसमोर, पुढील संभाषण झाले. ते मी शब्दशः देतो, कारण त्याची नोंद राहावी असे मला वाटते.

“तुझा जोड ढिला आहे,” मी म्हणालो.

“कुठला?”

“मोटरच्या प्लगमधला. सप्लाय पोचतोय, पण त्यात दम नाही.”

“माझ्या जोडाला लोंबकळून बघ. तू तुटशील, तो नाही तुटणार. अर्थिंग बघितलंस?”

“बघितलं. नवा बोल्ट, नवा वॉशर. मी स्वतः आवळलाय.”

“बघितलंस म्हणजे कशाने?”

“डोळ्यांनी!”

“मग आधी चष्मा घे.”

यावर आमच्या गॅरेजातला टायरवाला हसला. तो हसला नसता तर मी पुढचे बोललो नसतो, याबद्दल माझी खात्री आहे, पण दोष मी त्याच्यावर ढकलत नाही. मी म्हणालो, “ज्यांच्या कामात दम नाही त्यांनी घरी बसून रेडिओ खोलावेत. गाड्यांना हात लावू नये.”

करंटने पक्कड पेटीत ठेवली, पेटीचे झाकण लावले, हात पुसले. “वस्ताद,” ती म्हणाली, “ढिलं काम करणारीला तुम्ही सात वर्षं ठेवलंत, उपकार झाले.” आणि गेली. येत्या सोमवारपासून ती बस डेपोत कामाला लागणार आहे. आज पाच वाजता ती तिची पेटी न्यायला येणार आहे. वस्ताद त्या दिवसापासून माझ्याशी दोनच शब्द बोलतात, “पाना” आणि “दे”.

तेव्हा सदरहू गाडी, चारही चाके, वाजणारा एक दरवाजा आणि न उघडणारा उजवा दिवा यांसह, माझ्या पश्चात मी करंटला देतो. तिने स्वतःचे जोड स्वतः तपासावेत. ऐकून घ्यायला मी नसेन, तिला मनमुराद बोलता येईल.

कलम सहा. अवजारे. पाने व पकडी वस्तादांना, त्यातले निम्मे त्यांचेच आहेत, मी परत करायला विसरलो. पॉलिश पेपरचे गठ्ठे टायरवाल्याला, त्याने त्याने हसू घासून काढावे. टेस्ट लॅम्प मात्र वेगळा. पहिल्या आठवड्यात करंटने तो मला करून दिला होता. जुन्या पेनाच्या नळीत छोटा बल्ब, टोकाला सुई, मागे लांब तार आणि तारेला चिमटा. ती म्हणाली होती, “हा खोटं बोलत नाही. विचारणारा बोलतो.” हा लॅम्प ज्या कोणाला मिळेल त्याच्या माहितीसाठी वापरण्याची पद्धत देतो. चिमटा बॅटरीच्या उणे टोकाला लावावा आणि सुई जिथे सप्लाय बघायचा तिथे टेकवावी. चिमटा गाडीच्या अंगाला लावू नये, कारण आमच्या गॅरेजचा नियम आहे, नव्या रंगाला चिमटा लावणाऱ्याची बोटे वस्ताद तोडतात. म्हणून रंगकाम झालेल्या गाडीवर आम्ही कायम बॅटरीचेच उणे टोक घेतो आणि बॉडीला कधी

वरील वाक्य अपूर्ण आहे. मी पेन खाली ठेवून या मागच्या खोलीतून बाहेर गॅरेजात जाऊन आलो. मधे पाऊण तास गेला. जे केले ते क्रमाने लिहितो.

वस्ताद बाकड्यावर आडवे झाले होते, तोंडावर वर्तमानपत्र. बाकीचे चहाला गेले होते. मी बॉनेट उघडले. लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या अधिक टोकाला लावला आणि सुई उजव्या दिव्याच्या अर्थिंगच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या, तारेवर टेकवली. ही तार मोटरची आणि बल्बचीही, दोघांची एकच. ती बोल्टाने बॉडीला, आणि बॉडीतून बॅटरीच्या उणे टोकाला, लागली असेल तर लॅम्प लख्ख पेटायला हवा. तो मिणमिणला. सुई बोल्टाशेजारच्या पत्र्यावर टेकवली. काहीच नाही. सुईने रंग खरवडून आतल्या उघड्या पत्र्यावर टेकवली. लख्ख.

सतरा दिवस मी लॅम्पला एकच प्रश्न विचारत होतो, सप्लाय येतो का? तो म्हणत होता, येतो. सप्लाय परत जातो का, हे मी विचारलेच नव्हते. चिमटा थेट बॅटरीला असल्यामुळे परतीची वाट मीच त्याला आयती देत होतो. मोटरला ती वाट नव्हती. चकचकीत नवा बोल्ट, चकचकीत नवा वॉशर, आणि त्याच्याखाली माझ्याच हाताने मारलेले लाल रंगाचे तीन थर. बोल्टाच्या आट्यांतून झिरपेल तेवढ्यावर दिवा बोटभर उचलत होता. डाव्याची तार सरळ बॅटरीच्या पट्टीला जाते, म्हणून डावा शहाणा ठरला. काखेत कळसा, गावाला वळसा.

बोल्ट काढला. टायरवाल्याला दिलेल्या गठ्ठ्यातला एक पॉलिश पेपर परत घेतला (त्याच्या वाट्यातून एक कमी धरावा) आणि अंगठ्याएवढा रंग घासून पांढरा पत्रा उघडा केला. बोल्ट आवळला. बटण फिरवले.

दोन्ही उघडले. एका दमात.

टाळ्या वाजवल्या नाहीत. वस्ताद जागे झाले असते.

आता इथे एक गोष्ट लिहिणे भाग आहे. हे कोणीही पाहिलेले नव्हते. पाचला करंट येईल, दोन्ही दिवे बघेल, आणि मला एवढेच म्हणायचे होते, “जोड पुन्हा दाबून घेतले, लागले.” कोणी विचारले नसते. टायरवाला उलट माझ्या बाजूला आला असता. मी बोल्टाजवळ उभा राहून हे वाक्य मनात तीनदा म्हणून बघितले. तिसऱ्यांदा ते इतके खरे वाटले की मला माझीच भीती वाटली. बोगद्यातल्या ट्रकची वाटली नव्हती ती भीती. मग मी खोलीत आलो आणि पेन उचलले.

कलम पाचमधली वाक्ये मी खोडत नाही. खाडाखोड झालेला दस्त संशयास्पद दिसतो, चूक तशीच ठेवून खाली दुरुस्ती लिहावी, हाही बाबांचाच नियम.

कलम सात. दुरुस्ती. मी जाहीर करतो की सदरहू गाडीच्या वायरिंगमध्ये करंटने घातलेला एकही जोड ढिला नव्हता आणि नाही. दोष अर्थिंगच्या बोल्टाखालच्या रंगाचा, आणि तो रंग माझा. तिने अर्थिंग बघ म्हटले होते. मी डोळ्यांनी बघितले. नाचता येईना, अंगण वाकडे, असे ज्याच्याबाबत म्हणतात तो इसम मीच. मी गयावया करणार नाही. डेपोत जाऊ नकोस असेही म्हणणार नाही, कारण तो तिचा अधिकार आहे आणि तो मीच तिला दिलेला आहे, रेडिओचे वाक्य बोलून. मी फक्त खरे ते लिहून ठेवतो, आणि हे लिहिताना माझी मान खाली नाही. चूक माझी असेल तर ती ताठ मानेनेच माझी असेल.

कलम आठ. गाडी करंटलाच. आता कारण वेगळे आहे. बाबा म्हणतात, दस्तात मोजता येईल किंवा दाखवता येईल अशीच वस्तू लिहावी, म्हणून इथे दुसरा कोणताही शब्द वापरत नाही. गाडीत जी तार आहे ती प्रत्येक तार तिच्या हातची आहे, वरून फक्त लाल रंग माझा. मामाने टाळ्या वाजवणाऱ्याला गाडी दिली. मी दिवे उघडणारीला देतो. याबाबत कोणीही हरकत घेतल्यास त्याने आधी गाडीखाली पाठीवर सरपटून दाखवावे.

पुरवणी. त्याच दिवशी, संध्याकाळी साडेसहा वाजता.

करंट बरोबर पाचला आली. पेटी उचलली आणि सरळ फाटकाकडे निघाली. मी आडवा गेलो नाही. गाडीपाशी उभा राहून बटण फिरवले. ती थांबली, वळली, दोन्ही दिवे बघितले.

“काय होतं?”

मी कागद पुढे केला, सातव्या कलमावर बोट ठेवले. ती वाचायला लागली आणि मग कागद परत माझ्या हातात दिला.

“मोठ्याने वाच, फ्यूज.”

“सगळे आहेत.”

“सोमवारीही सगळे होते. तेव्हा आवाज कसा खणखणीत होता.”

मी वाचले. वस्ताद उठून बसले. टायरवाला हातातला टायर घेऊन तसाच उभा. ‘तो इसम मीच’ इथे माझा आवाज चिरकला, पण मी थांबलो नाही, आणि कोणी हसले नाही. टायरवाल्यानेही नाही. वाचून झाल्यावर वस्ताद म्हणाले, “तो चिमट्याचा नियम माझा आहे. त्यालाही घाल तुझ्या दुरुस्तीत.” सोमवारनंतर माझ्याशी बोललेली त्यांची पहिली दोन वाक्ये. घालत आहे.

“सोमवारी मी डेपोतच जाणार आहे,” करंट म्हणाली.

“माहीत आहे.”

“तिथे माझं काम कोणी डोळ्यांनी तपासत नाही.”

“माहीत आहे म्हटलं ना!”

“उडालास? कलम सातची शाई तरी वाळू दे.”

एवढ्यात बाबा आले. ते गाडीची किल्ली काढून घ्यायला आले होते, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितले. त्यांनी दोन दिवे बघितले, कागद बघितला, चष्मा लावला, आणि वस्तादांच्या बाकड्यावर बसून सगळा मजकूर पहिल्या ओळीपासून वाचला, जसा ते पक्षकाराचा वाचतात, ओठ न हलवता. करंटने त्यांच्या खांद्यावरून तो वाचून घेतला. कलम तीनवर त्यांनी बोट ठेवले.

“हे चांगलं लिहिलंयस,” ते म्हणाले. “वगळण्याचं कारण इतकं स्पष्ट कोणी देत नाही. वकिलांनाही जमत नाही. कलम सहात मात्र ‘त्याने’ दोनदा आलंय.”

“राहू दे. खाडाखोड नको.”

“साक्षीदार कोण?”

“नाहीत.”

बाबांनी खिशातले पेन काढले. “मला काही ठेवलेलं नाहीस ना?”

“नाही.”

“छोटा स्क्रूसुद्धा नाही?”

“नाही.”

“मग मी चालतो,” असे म्हणून त्यांनी मांडीवर कागद ठेवून सही केली. ज्या अक्षरात ते लोकांच्या सह्यांखाली शेरा लिहितात, त्याच अक्षरात. मग म्हणाले, “दुसरा पाहिजे.”

वस्ताद पुढे झाले. बाबांनी बोट हलवले, “तुम्हाला पाने मिळतायत.” टायरवाल्याला पॉलिश पेपर मिळत होते. करंटने पेन मागितले.

“पोरी, सही केलीस तर कलम आठ तुझ्यापुरतं बाद,” बाबा म्हणाले. “गाडी मिळणार नाही. माझ्या टेबलाचा नियम आहे.”

“काका, वाचलंय मी कलम तीन.” आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तू मेल्यावर काय देणार आहेस त्याच्याशी मला काय करायचंय?”

तिने सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात शेरा लिहिला. त्यामुळे माझ्या पश्चात गाडी आता कोणाचीच नाही. म्हणून उद्या मला परत यावेच लागेल. फेरीच्या अर्जातला वारसाचा रकाना मी आडवी रेघ मारून बंद केला आहे.

हे सर्व मी वाचून, समजून, मान ताठ ठेवून सही करीत आहे.

(सही) फ्यूज, मृत्युपत्र लिहून देणार

साक्षीदार पहिला: लिहून देणाऱ्याचा बाप. कलम तीन अन्वये मला काहीही मिळत नाही, म्हणून साक्षीस पात्र. लिहून देणारा पूर्ण शुद्धीत असल्याचे मी पाहिले. असे प्रथमच पाहिले. काल जेवताना मी केलेली मोजणी चुकीची होती, ती खोडत नाही, खाली दुरुस्ती लिहीत आहे: त्याच्याकडे आहे. (सही)

साक्षीदार दुसरा: करंट, वायरिंगचे काम. गाडीवरचा हक्क सोडला आहे. उद्या सकाळी सातला फाटकाशी उभी असेन, डावी सीट माझी. टेस्ट लॅम्प बरोबर घेणे. बोगद्याआधी थांबायचे, बटण मी फिरवणार. टाळ्या तू वाजव. (सही)

ठिकाण: गॅरेज, मागची खोली व पुढचे आवार.
दिनांक: फेरीच्या आदला शनिवार, दोन्ही दिवे उघडे असताना.